सात देवांची रिनी

नूला त्या घराची सवय कधी झालीच नाही. नू म्हणजे आई आणि पा म्हणजे वडील. आम्ही मिझो, आमच्याकडे असंच म्हणतात. पा मिशनरी होते. मिझोरामच्या डोंगरातल्या आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, त्यांना एटापल्लीच्याही पुढे, दिवसभर चालल्यावर येणाऱ्या एका माडिया गावात पाठवलं होतं. नकाशात पाहिलं तर देश आपलाच. पण आमच्या भाषेत डोंगराखालच्या सगळ्या मुलखाला एकच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ परका मुलूख असाच होतो. नू घरी पत्र लिहायची तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात गावाच्या नावाऐवजी तोच शब्द लिहायची. तिथं गेलो तेव्हा मी सात वर्षांची होते आणि धाकटी रिनी नूच्या पाठीवर बांधलेली, दात यायचे होते तिला.

घर कुडाचं होतं. बांबूच्या तट्ट्यांवर माती लिंपलेली, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन. पहाटे शेजारच्या अंगणात मुसळ सुरू व्हायचं, मग गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजत रानाकडे जायच्या, आणि त्यानंतर दिवसभर काही नाही. नूला त्या 'काही नाही'ची भीती वाटायची. तिच्या गावात दोन घरांमध्ये हात पोचेल एवढंच अंतर असतं, आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या घरातून ढोलावर गाणं चाललेलं असतंच. इथं रविवारी पा दारातली घंटा वाजवायचे आणि आम्ही चौघं ओसरीवरच्या चटईवर जमायचो. पा उभं राहून प्रवचन द्यायचे, समोर शंभर माणसं बसल्यासारखे. महिन्याच्या अहवालात ते लिहायचे, उपासनेला हजर चार. त्या चारांत रिनी होती, जी बहुतेक वेळा झोपलेली असायची. चार वर्षांत पाचवं माणूस त्या चटईवर बसलं नाही.

गाव वाईट नव्हतं, हे मला आधी सांगितलं पाहिजे. पा मुलांना अक्षरं शिकवायचे, तापाच्या गोळ्या वाटायचे, त्याबद्दल लोक त्यांना मान द्यायचे. फक्त त्यांच्या देवाचं करायचं काय हे त्यांना कळत नव्हतं. तिकडे माणसाची ओळखच देवांच्या संख्येवरून होते. कोणी चार देवांचं, कोणी सहा, कोणी सात. त्यावरून कोण भाऊ, कोण सोयरा, कोणाची सून कोणाच्या घरात येणार, सगळं ठरतं. पहिल्याच आठवड्यात पेरमानं आमच्याबरोबर आलेल्या वाटाड्याच्या तोंडून पांना विचारलं होतं, तुमी किती देवांचे? पेरमा म्हणजे गावाच्या देवांचं आणि मेलेल्यांचं पाहणारा माणूस. आमचा पेरमा म्हातारा, बारीक, एका डोळ्यात फूल पडलेला. पांना वाटलं, याच प्रश्नासाठी देवानं आपल्याला इथवर आणलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, एक. लोकांनी मान डोलावली आणि त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. एका देवाचं कूळ त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या लहान कुळाच्या मुली कोणाला द्यायच्या, असं कुणीतरी मागून विचारल्याचं मला आठवतं.

नूला पहिलं माणूस मिळालं ते वास्त्यांमुळे. पावसाळ्याच्या सुरुवातीला बांबूला कोंब फुटतात, त्यांना तिकडे वास्ते म्हणतात. शेजारची जोगी एकदा टोपलीभर वास्ते सोलत बसली होती. नू कुडापाशी जाऊन उभी राहिली, मग न विचारता आत गेली, तिच्यासमोर बसली आणि सोलायला लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. कोंब कुठून कापायचा आणि कडू पाणी किती वेळा ओतून टाकायचं हे मात्र दोघींच्या हातांना सारखंच माहीत होतं. त्या दिवशी नूनं तिच्या पद्धतीनं तांदळाची कणी घालून वास्ते शिजवले आणि जोगीच्या घरी पाठवले, आणि रिकामं भांडं मोहफुलं भरून परत आलं. जोगीला मूल नव्हतं. रिनी चालायला लागली तशी ती जोगीच्या घरीच असायची. सकाळची जावा, म्हणजे तांदळाची पातळ पेज, ती तिथंच प्यायची, जोगीच्या नवऱ्याच्या, लच्छूच्या, मांडीवर बसून. बोलायला लागली तीसुद्धा माडियातच. नूला ते लागायचं, पण ती काही बोलायची नाही.

दुसरं माणूस कुंदाबाई. आरोग्य उपकेंद्राची नर्स, ब्रह्मपुरीकडची, बौद्ध घरातली, एकटी राहणारी. तीही तिथं आमच्याइतकीच परकी. दुपारी डबा घेऊन आमच्याकडे यायची आणि नूच्या वाफवलेल्या भाज्यांना तेल नाही, तिखट नाही म्हणून नावं ठेवत सगळ्या संपवायची. मराठी मी शाळेत शिकले खरी, पण बोलायला शिकले ती कुंदाबाईकडून. अजूनही चिडले की तोंडात तीच येते, आणि माझी पुण्याची सून हसते.

माडिया मला खेळता खेळता आली, वर्षभरात. पांना आली नाही. वहीत शब्द लिहून ते रोज पाठ करायचे, आणि समोर माणूस उभं राहिलं की सगळं विसरायचे. म्हणून मी त्यांची दुभाषी झाले. कोणाच्याही दारात जाताना ते मला बरोबर घ्यायचे. मोठी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत थांबतात, मी बोलल्याशिवाय त्यांचं काही पुढे सरकत नाही, याचा मला ताठा होता. अकरा वर्षांच्या मुलीला तो असू नये इतका होता.

रिनीला ताप आला तेव्हा पाऊस आठवडाभर लागला होता. ताप तिकडे कोणाला नवा नव्हता. दुसऱ्या दिवशी ती नूला ओळखेना, तिसऱ्या दिवशी आकडी आली. कुंदाबाई चिखलातून आली, सुई दिली, मांडीवर घेऊन बसली. मग पांना बाहेर बोलावून म्हणाली, "भाऊ, माह्याजवळ होतं ते मी केलं. आता हिले मोठ्या दवाखान्यात नेल्याबिगर काई होत नाई." लच्छूनं खाट उलटी करून बांबूला बांधली, वर पळसाच्या पानांचं छत केलं. चार जणांनी ती उचलली. पा, नू आणि मी मागून चाललो. नदीवर पोचलो तर पलीकडचा काठ दिसत होता, मधली झाडं मात्र शेंड्यापर्यंत बुडाली होती. लच्छू दोनदा पाण्यात उतरला आणि दोनदा त्याला ओढून बाहेर काढावं लागलं. पाणी उतरेल म्हणून आम्ही थांबलो. उतरलं नाही. दुपार व्हायच्या सुमारास पानांच्या छताखाली रिनी गेली. पा तेव्हा मोठ्यानं प्रार्थना करत होते. ती गेली हे त्यांना कळायला वेळ लागला. नूनं त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा ते थांबले. आता तिथं पूल आहे, त्यावरून खनिजाचे ट्रक दिवसभर जातात. मी एकदाच गेले त्या पुलावरून. गाडीची काच वर केली होती.

खाट परत गावात आली. नू आणि जोगी रिनीला घेऊन आत गेल्या. पा, मी, पेरमा आणि गावची पुरुषमंडळी गोटुलच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, ओसरीवर बसलो. पांनी फक्त मातीला जागा मागितली. पेरमा म्हणाला, आणि हे मी पांना शब्द न शब्द सांगितलं, की मेलेलं माणूस एकटं राहू शकत नाही. त्याच्या कुळातले आधी गेलेले त्याला बोलावतात, आपल्या ओळीत बसवून जेवू घालतात. इथं चार देवांच्या लोकांची जागा आहे, सहांची आहे, सातांची आहे. "तुमच्या एका देवाचं इथं आधी गेलेलं कोण आहे? ही पोर कोणाजवळ बसेल?"

पांकडे उत्तर होतं. चार वर्षं ते तेच उत्तर सांगत होते. त्याऐवजी ते म्हणाले, मग मी तिला माझ्या अंगणात पुरतो. पेरमानं मान हलवली. कोणाचंच नसलेलं मूल घराजवळ ठेवलं तर ते रडत फिरतं, गावातली पोरं आजारी पडतात. तो रागानं बोलत नव्हता. पांच्याइतकाच तोही अडकला होता, हे मला आज दिसतं. तेव्हा मला त्याचा फक्त फूल पडलेला डोळा दिसत होता.

जोगी कधी आली कळलं नाही. त्या ओसरीवर बायका बोलत नसत. ती खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या हातचं खाऊन वाढली ती. माझ्यात घाला."

मग त्यांच्यात खूप वेळ बोलणं झालं. शेवटी पेरमा माझ्याकडे वळला आणि सावकाश, मला नीट कळेल असं बोलला. होईल, म्हणाला. जोगीच्या सात देवांच्या जागेत घेऊ. पण बापानं खड्ड्यापाशी सगळ्यांच्या देखत म्हणायला हवं, की ही पोर आजपासून सात देवांची, हिच्यावर माझा आणि माझ्या देवाचा हक्क राहिला नाही. आणि तिथं त्यानं आपली पोथी उघडायची नाही.

मला सगळं कळलं. पांना वळून मी म्हणाले, "हो म्हणतात. जोगीच्या लोकांच्या जागेत."

"एवढा वेळ बोलत होता. आणखी काय म्हणाला?"

"एवढंच."

का, ते मला तेव्हाही माहीत होतं. पा नाही म्हणाले असते. एरवी साध्या माणसासारखे वागणारे पा या एका गोष्टीत दगड होते. मग रिनी त्या खाटेवर कुठवर राहिली असती, आणि नूचं काय झालं असतं. पुढचा विचार मी केला नाही. खड्ड्यापाशी काय होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, किंवा आलं आणि मी ते बाजूला सारलं. आज प्रामाणिकपणे कोणतं खरं ते सांगता येत नाही.

जागा गावाबाहेर सागाच्या झाडीत होती. मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड, काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे. लच्छूनं खणलेल्या खड्ड्यात पाणी झिरपत होतं. रिनीला नूच्या विणलेल्या मिझो कापडात गुंडाळलं होतं. पांनी प्लास्टिकच्या पिशवीतून बायबल काढलं आणि पान शोधायला लागले, तेव्हा पेरमानं हात आडवा केला आणि ठरलेलं म्हणायला सांगितलं. ढोल थांबला. सगळे पांकडे पाहत राहिले. "काय म्हणतोय तो?" पांनी मला विचारलं.

पायांकडे पाहत, एका दमात मी सगळं सांगितलं.

पा हलले नाहीत. पावसाचे थेंब त्यांच्या चष्म्यावर साचत होते आणि ते पुसत नव्हते. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मारतील असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढ्यात पलीकडून नू बोलली. दिवसभरात ती पहिल्यांदा बोलत होती. "ती भिजतेय," एवढंच म्हणाली.

पांनी बायबल मिटलं, सदऱ्याच्या आत पोटापाशी ठेवलं आणि मोडक्यातोडक्या माडियात म्हणायला लागले. ही पोर सात देवांची. पुढे हक्क या शब्दाला ते अडले. मी काही बोलायच्या आत पेरमानंच तो शब्द हळूच पुरवला, आणि पांनी तो त्याच्यामागून म्हटला. मग पेरमानं तांदूळ टाकले, अंडं फोडलं, आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

नंतरच्या दिवसांत एकदा नूनं मला तिच्या गावाकडची रीत सांगितली. तिकडे घरात कोणी गेलं की ते घर एकटं सोडत नाहीत. तरुण मुलंमुली रोज येऊन बसतात, ढोलावर गातात, घरच्यांचं रडणं त्या गाण्यात मिसळून जातं. तिच्या आईच्या वेळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. इथं कोणी गाणार नाही, हे ती मला समजावत होती, की स्वतःला, माहीत नाही. गाणं झालंच नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जोगी आली आणि आमच्या ओसरीवर टोऱ्या, म्हणजे मोहाच्या बिया, फोडत बसली. तिच्यामागून आणखी दोघी, मग चार. त्या नूशी बोलत नव्हत्या, नूकडे पाहतही नव्हत्या. आपलं काम आमच्या ओसरीवर आणून करत होत्या, ऊन कललं की उठून जात होत्या. ते महिनाभर चाललं. रविवारी पांनी घंटा वाजवली तेव्हाही त्या उठल्या नाहीत. पा दारात उभे राहिले, चटई भरलेली पाहिली आणि प्रवचन न देता खाली बसले. सगळ्यांबरोबर टोऱ्या फोडत राहिले. अहवालात त्या रविवारी त्यांनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. जोगी नूला आता बहीण म्हणायला लागली होती. नू परक्या मुलखात चार वर्षं ज्याची वाट पाहत होती ते तिला मिळालं होतं, आणि ते कशाच्या बदल्यात मिळालं हे तिला रोज दिसत होतं.

कुंदाबाईला जोगीकडून कळलं होतं. एकदा उपकेंद्रात मला बसवून तिनं विचारलं, "तुनं तुह्या बापाले पूरं सांगतलं नाई. काऊन?" मी कारण सांगितलं. ती कापसाचे बोळे करायला लागली. तिच्या आजोबांच्या मातीच्या वेळी गावानं त्यांच्या लोकांना वाट दिली नव्हती, शेतांच्या बांधांवरून न्यावं लागलं होतं, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मग म्हणाली, "तुनं वाईट केलं असं मी म्हणत नाई. पन बापाचं तोंड तुनं घेतलं पोरी. ते त्याले वापस देता येते का पाय."

मी दिलं नाही. देण्याची वेळ आली ती थंडीत, जेव्हा मिझोरामहून मंडळीचे दोन वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, आले. खड्ड्यापाशी काय घडलं ते तालुक्याच्या चर्चच्या पाळकानं त्यांना कळवलं होतं. त्यातल्या पांढऱ्या केसांच्या वडिलांनी रिनीचा बाप्तिस्मा केला होता. आल्या आल्या ते नूचे हात धरून रडले. कठोर माणसं नव्हती ती. जेवण झाल्यावर त्यांनी पांना समोर बसवलं. मी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होते.

"तिथं काय म्हणावं लागणार हे तुला आधी माहीत होतं?"

माझे हात थांबले. पांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"होतं," ते म्हणाले.

"दुभाषा कोण होता?"

"दुभाष्याची गरज पडली नाही. मला माडिया येते."

त्यांच्या आयुष्यात ते खोटं बोलल्याची मला माहीत असलेली ही एकमेव वेळ. पांढऱ्या केसांच्या वडिलांनी मान वळवली आणि मला प्रेमानं विचारलं, तुझ्या पाला माडिया चांगली येते का गं? आत्ता सांगता येईल, असं मला वाटलं. मी सांगितलं असतं तर फसवल्या गेलेल्या माणसाला कोणी दोष दिला नसता. त्यांचं काम राहिलं असतं, ज्यासाठी त्यांनी सगळं सोडलं होतं ते. मी म्हणाले, "येते."

महिन्यानं पत्र आलं. भाषा मऊ होती. पांना सेवेतून मोकळं केलं होतं. नूला वाटलं होतं तसं आम्ही मिझोरामला गेलो नाही. गंमत अशी की आता तिलाच जायचं नव्हतं. फार लांब पडेल, म्हणाली. कोणापासून हे तिनं सांगितलं नाही. घुग्घुसला एका शाळेत पांना इंग्रजी शिकवायचं काम मिळालं, आणि पुढची वीस वर्षं आम्ही कोळशाच्या धुळीत काढली. त्यांनी पुन्हा कधी प्रवचन दिलं नाही. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, मरेपर्यंत. मीही विषय काढला नाही.

गाव सोडलं त्या सकाळी सगळे अंगणात आले होते. जोगी आली नव्हती. ती तिच्या घरात दार लावून बसली होती आणि नू बाहेर त्या दाराशी. लच्छूनं सामान बैलगाडीवर चढवलं. निघताना पेरमा काठी टेकत पांसमोर आला आणि बोलायला लागला. रिनीच्या दगडाबद्दल बोलत होता. दगड उभा करायची वेळ आली की निरोप पाठवू, म्हणाला, आणि त्या दिवशी तुम्ही आलंच पाहिजे. मी सवयीनं पांकडे वळले आणि तोंड उघडलं.

पांनी हात वर केला. रागानं नाही, पाऊस आला का पाहावं तसा सहज. मग पेरमाला माडियात म्हणाले, "पुन्हा सांगा. सावकाश."

पेरमानं पुन्हा सांगितलं. पांना कळलं नाही. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. गाडीवान खोळंबला होता, लोक थांबले होते, मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला सगळं समजत होतं. पा मला वळसा घालून पुढे गेले आणि पेरमाच्या तोंडाशी कान नेऊन उभे राहिले.